हिरवं पाणी काय सांगतं? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

फेब्रुवारी सरला की तळ्यांवर हिरवा तवंग धरू लागतो आणि आमच्याकडे त्याविषयीची पत्रं वाढतात. यंदा आलेल्या पत्रांतले काही प्रश्न थोडे आवरून इथे घेतले आहेत. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, म्हणजे वनस्पती-प्लवकांना, उत्तरांत सोयीसाठी बऱ्याच ठिकाणी ‘शेवाळ’च म्हटलं आहे.

प्रश्न : आमच्या गावतळ्याचं पाणी दर उन्हाळ्यात हिरवंगार होतं. काही जण म्हणतात शेवाळ म्हणजे ऑक्सिजन, ते चांगलंच. काही म्हणतात विषारी आहे, गुरं नेऊ नका. प्रयोगशाळा जवळ नाही. घरच्या घरी काही कळेल का?
(शेतकरी, जि. सातारा)

दोन्ही म्हणणी अर्धीच आहेत. शेवाळ प्रत्येक जिवंत तळ्यात असतंच, तेच नसेल तर मासेही नसतील. प्रश्न दोन : किती आहे आणि कोणतं आहे. पैकी ‘कोणतं’ याचा ढोबळ अंदाज काठी आणि बरणीवर येतो.

एक काठी तवंगात बुडवून वर काढा. हिरवे लांब धागे लोंबत वर आले तर ते धाग्याचं हिरवं शेवाळ. दिसायला घाण, पण सहसा विषारी नसतं. धागे न येता काठीला नुसता हिरवा लेप बसला आणि तो ओघळू लागला, तर निळं-हिरवं शेवाळ असण्याचा संभव मोठा.

मग बरणी. काचेची स्वच्छ बरणी पाऊण भरेल इतकं पाणी तवंगाच्या खालून घ्या. हातात रबरी मोजे असू द्या. झाकण लावून रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवा. सकाळी हिरवा रंग तळाशी बसला असेल तर बहुधा हिरवं शेवाळ किंवा डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ. पृष्ठभागावर हिरवं कडं जमलं असेल तर निळं-हिरवं. या जातींच्या पेशींत वायूने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांच्यावर त्या तरंगतात. सगळं पाणी सारखंच हिरवं राहिलं तर मात्र निकाल काढू नका, दोन्हींचं मिश्रण असू शकतं.

वर कडं जमलं तर त्या काठावर गुरं पाजू नका आणि पोरांना पोहायला सोडू नका. तवंग वाऱ्याबरोबर सरकतो, त्यामुळे काल स्वच्छ असलेला घाट आज धोक्याचा असू शकतो. निळं-हिरवं शेवाळ प्रत्येक वेळी विष तयार करतंच असं नाही, पण डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकानेही ते कळत नाही. त्यासाठी विषाचीच तपासणी लागते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रकल्पात विद्यार्थी शहरातल्या तलावातलं प्लवक मोजतात. एकाच तलावाचे आकडे दर गटाचे वेगळे येतात, कधी दहापट फरक. चूक कुठे होत असेल?
(प्राध्यापिका, कोल्हापूर)

मोजणीआधीच. पाणी घेताना आणि बसवताना ज्या गोष्टी निसटतात, त्यांची भरपाई पुढे कितीही चांगल्या सूक्ष्मदर्शकाने होत नाही.

पहिली शंका जाळीवर घ्या. बहुतेक महाविद्यालयांत 64 मायक्रॉनची जुनी प्लवकजाळी असते. तिच्यातून क्लोरेलासारख्या चार-पाच मायक्रॉनच्या पेशी सरळ निघून जातात. उरतात ते मोठे समूह आणि प्राणी-प्लवक. जाळीचा नमुना ‘काय काय आहे’ हे पाहायला ठीक, ‘किती आहे’ यासाठी नाही. मोजणीसाठी अख्खं, न गाळलेलं पाणी घ्या.

कुठून घ्यायचं? घाटावरून, तवंगातून वाटीने उचललेलं पाणी तलावाचं नसतं, वाऱ्याचं असतं. रंकाळ्यासारख्या उघड्या तलावात पश्चिमेचा वारा दोन दिवस चालला की तवंग पूर्वेच्या काठाला दाटतो आणि मधलं पाणी साधारण दिसतं. होडीतून मध्यभागी, पृष्ठभागाखाली 30 ते 50 सेंमीवर, तीन-चार जागी पाणी घेऊन एकत्र करा. तवंगाचा नमुना घ्यायचा तर स्वतंत्र बाटलीत, ‘तवंग’ असं लिहून. वेळ दर खेपेला एकच ठेवा, सकाळी 9 ते 11. निळं-हिरवं शेवाळ दिवसभरात वर-खाली होतं, त्यामुळे एका गटाने सकाळी आणि दुसऱ्याने दुपारी पाणी घेतलं तर आकडे जुळणारच नाहीत.

आता आयोडीन. 20 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि 10 ग्रॅम आयोडीन 200 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून त्यात 20 मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घाला. हे लुगोलचं द्रावण. एक लिटर नमुन्याला साधारण 3 मिली पुरतं, पाणी दाट हिरवं असेल तर 10 मिलीपर्यंत. पाण्याला फिक्या कोऱ्या चहाचा रंग आला पाहिजे. बाटली काचेची, गडद रंगाची घ्या, प्लास्टिक आयोडीन शोषून घेतं. रंग उडाला की आणखी थोडं द्रावण घाला. हे झालं नाही तर महिन्याभरात नमुना सडतो आणि विद्यार्थी सडलेल्या पेशी ‘अनोळखी’ म्हणून मोजत बसतात.

शिवाय एक छोटी बाटली आयोडीन न घालता ठेवा आणि त्याच दिवशी पाहा. आयोडीनने मूळ रंग जातो, हालचाल थांबते, युग्लिनासारख्या पोहणाऱ्या पेशींचे कित्येकदा गोळे होतात. उलट त्याचा एक फायदाही आहे : हिरव्या शेवाळात स्टार्च असल्याने ते निळसर काळं पडतं आणि निळं-हिरवं पिवळट तपकिरी राहतं. नवख्या डोळ्यांना ही खूण फार कामाची.

नमुना एक लिटरच्या मापक नळकांड्यात 48 तास न हलवता ठेवा. मग बारीक नळीने वरचं 950 मिली सावकाश काढा, नळीचं टोक वरच्या बाजूला वळवलेलं असावं म्हणजे गाळ ओढला जात नाही. उरलेल्या 50 मिलीत सगळं प्लवक आलं, नमुना 20 पट दाट झाला.

तुमच्या दहापट फरकाचं कारण बहुधा इथेच आहे. मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचे समूह आयोडीन घातल्यावरही तरंगत राहतात आणि वरच्या 950 मिलीबरोबर बेसिनमध्ये जातात. पाण्यात ती जात असेल तर बसवण्याआधी पोकळ्या फोडाव्या लागतात. जाड सिरिंजमध्ये नमुना भरा, हवा काढून टाका, टोक घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने दाबा. हिरवा धुरकट द्रव एकदम गडद आणि पारदर्शक होतो, कारण प्रकाश विखुरणाऱ्या पोकळ्या फुटलेल्या असतात. मग पेशी निमूट तळाशी बसतात. एका दाबाने रंग बदलला नाही तर पुन्हा दाबा.

मोजणीसाठी सेजविक-राफ्टर पेटी चांगली : 50 मिमी लांब, 20 मिमी रुंद, 1 मिमी खोल, म्हणजे बरोबर एक मिली आणि 1000 चौकोन. भरल्यावर 15-20 मिनिटं थांबा. पेटी जाड असल्याने नेहमीचं 40 पटींचं वस्तुभिंग तिच्यावर लागत नाही, टेकतं आणि काच फुटते. तेव्हा ओळख साध्या काचपट्टीवर 400 पटींना करायची, मोजणी पेटीत 100 किंवा 200 पटींना. समजा 20 चौकोनांत 240 पेशी आल्या. एका चौकोनात सरासरी 12, म्हणजे दाट नमुन्याच्या एका मिलीत 12,000. नमुना 20 पट दाट केला होता, म्हणून तलावाच्या एका मिलीत 600. या 20 ने भागायचं विसरणं ही दुसरी हमखास चूक.

किती मोजायचं? 100 एककं मोजली तर अंदाजात 20 टक्के इकडेतिकडे होतं, 400 मोजली तर 10 टक्के. पेशी, धागा की समूह, यांतलं एकक कोणतं हे आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. एका गटाने मायक्रोसिस्टिसचा समूह ‘एक’ धरला आणि दुसऱ्याने त्यातल्या शेकडो पेशी, तर दोघंही बरोबर आणि तुलना मात्र निरर्थक.

प्रश्न : मी एम.एस्सी.ला आहे. आमच्या तलावाचा पामर निर्देशांक 23 आला, म्हणजे ‘तीव्र सेंद्रिय प्रदूषण’. पण नायगार्डचा भागाकार निघतच नाही, छेदात शून्य येतंय. शिवाय पाण्यावर मायक्रोसिस्टिसचा जाड थर असूनही पामरमध्ये त्याचा एकच गुण. कशावर विश्वास ठेवू?
(विद्यार्थिनी, नागपूर)

शेवटच्या वाक्यात तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. पामर यांची 1969 ची यादी सेंद्रिय प्रदूषण, म्हणजे मुख्यतः सांडपाणी, सोसणाऱ्या प्रजातींची (जीनस) आहे. 20 प्रजाती, प्रत्येकीला 1 ते 5 गुण : युग्लिना आणि ऑसिलॅटोरिया 5, क्लॅमिडोमोनास आणि सीनडेस्मस 4, क्लोरेला, नॅविक्युला आणि निट्झिया 3. बेरीज 20 किंवा जास्त आली तर तीव्र प्रदूषण, 15 ते 19 असेल तर संभाव्य. जुन्या वर्गीकरणातल्या ‘ॲनासिस्टिस’ या नावाखाली मायक्रोसिस्टिस येतं आणि त्याला 1 गुण आहे, कारण ताज्या मैल्यापेक्षा ते फॉस्फरसने भरलेल्या, उबदार, संथ पाण्यात फोफावतं. म्हणजे तलाव मायक्रोसिस्टिसने पूर्ण भरला तरी पामरची बेरीज लहान राहू शकते. निर्देशांक चुकत नाही, त्याला तो प्रश्न विचारलेलाच नाही.

तुमचे 23 युग्लिना 5, ऑसिलॅटोरिया 5, सीनडेस्मस 4 आणि क्लोरेला, नॅविक्युला, निट्झिया यांचे 9 असे आले असतील. यांतलं ‘आहे’ किती नमुन्यांत आणि किती प्रमाणात, ते तपासा. मिलीमागे 50 पेशींपेक्षा कमी असेल तर गुण धरू नये. अनेक प्रबंधांत वर्षभरात एकदा दिसलेली पेशीही बेरजेत घेतात, आणि तसं केलं तर महाराष्ट्रातलं जवळपास कुठलंही गावतळं 15 च्या वर जाईल. दर महिन्याचा गुण वेगळा काढा. उन्हाळ्यात 23 आणि पावसाळ्यानंतर 9 असेल तर ती माहिती आहे. वर्षाचा एकच 23 ही नुसती भीती आहे.

नायगार्ड यांनी 1949 मध्ये डेन्मार्कच्या तलावांवरून भागाकार मांडला. अंशात निळी-हिरवी, क्लोरोकोकेल्स गणातली हिरवी शेवाळं, गोल डायटम आणि युग्लिनासारख्या गटांतल्या जातींची संख्या, छेदात डेस्मिड या हिरव्या शेवाळांच्या जातींची. डेस्मिडना मऊ, किंचित आम्लधर्मी, कमी पोषक पाणी आवडतं. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांत आणि कोकणातल्या जांभ्यावरच्या पाण्यात ते छान सापडतात. दख्खनच्या बेसॉल्टवरचं पाणी कठीण आणि अल्कधर्मी, तिथे डेस्मिड प्रदूषण नसतानाही कमीच. मग छेद शून्य झाला यात प्रदूषणाचा दोष किती आणि दगडाचा किती? आमच्या मते पठारावरच्या तलावाला हा भागाकार लावूच नये.

त्याऐवजी काय लिहावं? प्रबळ जाती कोणत्या, एकूण पेशींत त्यांचा वाटा किती, हरितद्रव्य-अ (क्लोरोफिल-ए) किती, आणि त्याच दिवशीचे एकूण फॉस्फरस व नायट्रोजन. ॲनाबीनाचे मणीमाळेसारखे धागे असतील तर त्यांतल्या मोठ्या, फिक्या, जाड भिंतीच्या पेशी मोजा. या हेटेरोसिस्टमध्ये हवेतला नायट्रोजन बांधला जातो. त्या वाढल्या तर पाण्यात फॉस्फरसच्या मानाने नायट्रोजन कमी पडतोय. हा पुरावा एका निर्देशांकापेक्षा वजनदार आहे.

प्रश्न : सेकी चकतीने (ती पाण्यात किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहून) पारदर्शकता 40 सेंमी आली. सूत्रात घातली तर तलाव ‘अतिपोषित’ निघतो. पण हे मोजमाप ऑगस्टमधलं आहे. बरोबर आहे का?
(पर्यावरण गटाचे कार्यकर्ते, पुणे)

आकडेमोड बरोबर, अर्थ बहुधा चूक. कार्लसन यांच्या 1977 च्या सूत्राने, 60 वजा 14.41 गुणिले मीटरमधल्या खोलीचा नैसर्गिक लॉगॅरिदम, 40 सेंमीला सुमारे 73 येतात. पण चकती दिसेनाशी का झाली हे तिला माहीत नसतं. ऑगस्टमध्ये ओढ्यांतून आलेली माती तेच करते. त्याच दिवशी हरितद्रव्य मोजा : 9.81 गुणिले लिटरमागच्या मायक्रोग्रॅमचा नैसर्गिक लॉगॅरिदम, अधिक 30.6. हरितद्रव्य 50 असेल तर उत्तर 69 येतं, दोन्ही जुळले, हिरवेपणा शेवाळाचाच. हरितद्रव्य 5 असेल तर 46, म्हणजे पाणी गढूळ आहे, हिरवं नाही. आपल्याकडे या तुलनेसाठी ऑक्टोबर ते मे बरा. चकती 20 सेंमी व्यासाची, काळे-पांढरे चतकोर रंगवलेली. होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा आणि दिसेनाशी होते ती व परत दिसू लागते ती, या दोन खोल्यांची सरासरी घ्या.

प्रश्न : शेततळ्यात रोहू-कटला सोडले आहेत. पाणी छान हिरवं आहे, पण ढगाळ हवा झाली की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. दुपारी ऑक्सिजन तपासला तर भरपूर निघतो.
(मत्स्यपालक, जि. अहिल्यानगर)

दुपारीच तपासता म्हणून. तेव्हा शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं, ऑक्सिजन चढतो आणि सामूही 9 च्या वर जातो. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून ऑक्सिजन खातात. सूर्योदयाच्या जरा आधी तो सर्वांत खाली असतो. तपासणी पहाटे 5 ते 6 आणि दुपारी 3, अशी दोनदा करा. पहाटेचा आकडा लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर शेवाळ फार झालं. ढगाळ हवेत दिवसाची भर कमी आणि रात्रीचा खर्च तोच.

चकती सोडा. 30 ते 40 सेंमी दिसली तर ठीक, 20 च्या खाली गेली की शेण, खत आणि खाद्य लगेच बंद. एरेटर मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवा, दुपारी चालवून फार उपयोग नाही. थोडं पाणी काढून ताजं सोडता आलं तर उत्तम. शेवाळ मारायचं औषध मात्र टाकू नका. सगळं एकदम मेलं की ते कुजायला ऑक्सिजन लागतो आणि एका रात्रीत तळं रिकामं होतं.

प्रश्न : गावच्या डबक्यावर दुपारी गेरूच्या रंगाचा थर येतो, संध्याकाळी हिरवा होतो. लोक घाबरले आहेत.
(शिक्षक, जि. गोंदिया)

बहुधा युग्लिना सँग्विनिया. तिच्या पेशीत लाल कण असतात. कडक उन्हात ते पेशीभर पसरतात, ऊन उतरलं की मध्यभागी गोळा होतात. गुरांचं शेण-मूत्र आणि सांडपाणी मिळणाऱ्या उथळ पाण्यात ती येते. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सुळसुळणाऱ्या लालसर पेशी मुलांना दाखवा, भीती जाईल. मासे असतील तर लक्ष ठेवा, त्यांना तिचं विष बाधू शकतं.

प्रश्न : मग 2020 मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेही शेवाळच का?
(वाचक, वाशीम)

नाही. जून 2020 च्या त्या पाण्याची पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली तेव्हा खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्याचे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव आढळले. पाणी आटून खारटपणा वाढला होता. एरवी लोणारचा हिरवेपणा स्पिरुलिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाचा. तिथल्या अतिअल्कधर्मी पाण्यात तो नैसर्गिक आहे, तेव्हा गोड्या पाण्याचे निर्देशांक लोणारला लावू नका.

प्रश्न : धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्याला उन्हाळ्यात मातीचा वास येतो. उकळून प्यावं का?
(गृहिणी, सोलापूर)

उजनीसारख्या, शहरांचं सांडपाणी वाहून आणणाऱ्या नदीवरच्या जलाशयांत हे होतं. वास बहुधा जिओस्मिनचा. काही निळी-हिरवी शेवाळं तो सोडतात आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. वास स्वतः विषारी नाही, पण वास नसणं म्हणजे विष नसणं असंही नाही. उकळण्याने जंतू मरतात, निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विष मात्र तसंच राहतं, उलट पाणी आटलं तर दाट होतं. ताज्या सक्रिय कोळशाचा फिल्टर दोन्ही बरंच शोषतो, कोळसा वेळेवर बदलला तर. मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आयुष्यभराच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम आणि थोड्या दिवसांसाठी 12 आहे. शंका असेल तर पाणीपुरवठा करणाऱ्यांकडे या तपासणीची लेखी मागणी करा.

प्रश्न : ग्रामपंचायतीला तलाव स्वच्छ करायचा आहे. मोरचूद टाका, कारंजी बसवा, एन्झाइम सोडा, असे प्रस्ताव आले आहेत. कोणता निवडावा?
(सरपंच, जि. सांगली)

तिन्ही बाजूला ठेवा. मोरचुदाने पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं विष एकदम पाण्यात येतं. आपल्या कठीण पाण्यात तांबं लवकर तळाशी बसतं म्हणून मात्रा वाढवत न्यावी लागते आणि ते गाळात साठत जातं. कारंजी हवा खेळवतात, फॉस्फरस काढत नाहीत. एन्झाइमनेही फॉस्फरस तलावातून जात नाही, आणि एक किलो फॉस्फरस सुमारे 500 किलो ओलं शेवाळ पोसू शकतो.

आधी तो कुठून येतो ते शोधा. जानेवारी ते मार्च, म्हणजे ओढे कोरडे असताना, काठाने फिरा. त्या दिवसांत जो नाला वाहतो तो सांडपाण्याचाच. त्याच्या तोंडाशी आणि तलावाच्या मध्यावर, असे दोन नमुने घ्या. तोंडाशी युग्लिना, क्लॅमिडोमोनास, ऑसिलॅटोरिया आणि मध्यावर मायक्रोसिस्टिस, असं चित्र आलं तर पैसा नाला वळवण्यावर घाला. तोंडाशी काहीच विशेष नाही आणि तरी उन्हाळ्यात मध्यभाग हिरवा, तर जुना गाळ फॉस्फरस सोडतोय असा संशय घ्या. तळाचा ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोहाला धरून बसलेला फॉस्फेट सुटतो. तळाजवळचं पाणी मे महिन्यात तपासून खात्री करता येते.

गाळ काढायचाच ठरला तर नाला वळवल्यावर आणि तलाव आटल्यावर काढा. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवू नका, थेट शेतात न्या. नाहीतर पहिल्या वळवाच्या पावसात त्यातला बराचसा परत आत येतो.